काम उरकल्यावर आलेला कॅमेरा

ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या मुलखाची छायाचित्रं पाहायला बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी : यातली बहुतेक छायाचित्रं उशिरा काढलेली आहेत. कातरणीच्या शेडमध्ये काम ऐन भरात होतं तेव्हा कॅमेऱ्याला ते नीट टिपता येत नव्हतं, आणि टिपता येऊ लागलं तेव्हा काम ओसरत चाललं होतं. या पुस्तकातल्या रिकाम्या शेड पाहून वाचक हळवा होणार हे मला दिसतंय. मीही झालो. पण हा उशीर कसा झाला ते आधी समजून घ्यायला हवं, कारण या साऱ्या छायाचित्रणाचा स्वभावच त्यातून घडला आहे.

सुरुवात एका तैलचित्रापासून करू. मेंढ्या कातरण्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र म्हणजे टॉम रॉबर्ट्स यांचं ‘शिअरिंग द रॅम्स’. न्यू साउथ वेल्समधल्या कोरोवा गावाजवळ ब्रॉकल्स्बी नावाचं स्टेशन होतं. स्टेशन म्हणजे हजारो एकरांचं मेंढ्यांचं रान, त्यातलं मालकाचं घर आणि शेड धरून. रॉबर्ट्स तिथे १८८८ मध्ये गेले, भरपूर कच्ची रेखाटनं केली आणि १८९० मध्ये चित्र पूर्ण केलं. आज ते मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे. चित्रातले सगळे गडी हातकात्रीने मेंढ्या कातरताहेत. आणि नेमक्या त्याच १८८८ साली, डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर, फ्रेडरिक वोल्सली यांच्या यंत्रावर ४० जणांनी १,८४,००० मेंढ्या कातरून दाखवल्या होत्या. अख्खा हंगाम यंत्रावर पार पडण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे रॉबर्ट्स यांनी रंगवलेली हातकात्री चित्राचा रंग वाळायच्या आतच जुनी ठरू लागली होती. पुढे १९०१ मध्ये देशाचं संघराज्य झालं, राष्ट्राला स्वतःचा चेहरा हवा होता, आणि तो याच चित्रात सापडला.

यातली गंमत अशी की रॉबर्ट्स पोटासाठी मेलबर्नच्या एका फोटो स्टुडिओत मदतनीस म्हणून राबलेले होते. पत्र्याखालच्या अर्धवट अंधारात, सतत हलणारी माणसं आणि धडपडणारी जनावरं तेव्हाच्या काचपट्टीवर उतरणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत असणार. जे कॅमेऱ्याला जमत नव्हतं ते त्यांनी कुंचल्याने केलं. नंतरचा प्रत्येक छायाचित्रकार शेडमध्ये शिरला तो हे चित्र डोक्यात घेऊनच. लांबलचक फळ्यांची जमीन, वाकलेल्या पाठींची रांग, डावीकडून येणारा उजेड. ही मांडणी इतकी मुरली आहे की आजही कुणी वूलशेडच्या दारात उभं राहून कॅमेरा वर केला की पाय आपोआप रॉबर्ट्स यांच्या जागी जातात. माझ्या मते ही एक कटकट आहे. या पुस्तकातली चांगली छायाचित्रं बहुतेक त्या जागेपासून दूर सरकून काढलेली आहेत.

वूलशेड हा वर्षातले काही आठवडेच चालणारा कारखाना. त्याचं काम कसं चालतं ते कळल्याशिवाय त्याची छायाचित्रं वाचता येत नाहीत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मेंढ्या आदल्या दिवशीच आत घेतात. लोकर ओली असेल तर काम अडतं. मेंढ्या ओल्या आहेत की कोरड्या यावर कातरणारे गडी चक्क मतदान करतात. शेड जमिनीपासून उंच, खुंटांवर बांधलेली असते. कोंडवाड्याच्या जमिनीला फळ्यांमध्ये फटी ठेवतात, त्यातून लेंड्या आणि मूत खाली पडतं. कातरणारा एक झुलतं दार ढकलून मेंढी धरतो, तिला मागच्या पायांवर बसती करून ओढत आपल्या जागी आणतो. या जागेला स्टँड म्हणतात आणि सगळे स्टँड ज्या लांब फळ्यांच्या पट्ट्यावर असतात त्याला बोर्ड. आधी पोटाची लोकर निघते, मग पाय, मग मान, आणि शेवटी अख्खी लोकर एकसंध, गोधडी उलगडावी तशी सुटते. कातरलेली मेंढी उताराच्या घसरगुंडीतून थेट खाली, त्याच गड्याच्या नावाच्या कोंडवाड्यात जाते. प्रत्येकाचा कोंडवाडा वेगळा, कारण मजुरी नगावर मिळते आणि दिवसअखेर तिथेच मोजणी होते.

इकडे वरकामाचा पोऱ्या ती लोकर उचलून गजांच्या टेबलावर झोकतो. कडेचा मळका भाग तोडतात, प्रतवारी करणारा बोटांत बट ताणून तिचा बारीकपणा आणि ताकद पाहतो, मग ती तिच्या प्रतीच्या खणात पडते, तिथून दाबयंत्रात आणि अखेर गासडीत. गासडीवर स्टेशनचं नाव, प्रत आणि क्रमांक काळ्या शाईने छापतात. या गासड्यांचं पोतं फार काळ तागाचं असायचं आणि तो ताग बंगालातून यायचा. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीवर बंगालचं पोतं आणि त्यावर इंग्लंडच्या बाजारासाठी छापलेलं नाव, असा तो एकाच साम्राज्यातला व्यवहार होता. दिवसाच्या चार पाळ्या, प्रत्येक दोन तासांची : साडेसात ते साडेनऊ, दहा ते बारा, एक ते तीन, साडेतीन ते साडेपाच. मधल्या चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात. घंटा वाजली की हातातली मेंढी संपवायची, नवी धरायची नाही.

हा सगळा क्रम इमारतीत कोरलेला असतो, आणि तो कळला की रिकाम्या शेडमधल्या खुणा बोलू लागतात. कोंडवाड्याचे खांब एका ठरावीक उंचीपर्यंतच गडद आणि तुळतुळीत असतात. मेंढ्यांच्या अंगाचं लॅनोलिन वर्षानुवर्षं तिथे घासून मुरलेलं असतं. त्याच्या वर तेच लाकूड करडं आणि खरबरीत. झुलत्या दाराची कड जिथे गड्याचा खांदा लागतो तिथे झिजलेली असते. भिंतीवर गासड्यांचे छापे शाई तपासायला मारून पाहिलेले असतात, त्यांच्या बाजूला मेंढ्यांचे हिशेब, टोपणनावं, एखादा पावसाचा आकडा. या खुणांची जवळून घेतलेली छायाचित्रं या पुस्तकात जागोजाग आहेत आणि लांबलचक दृश्यांपेक्षा ती मला जास्त आवडतात. एका पानावर तर फक्त घसरगुंडीचं तोंड आहे, उंबरठ्याची फळी मधोमध खोलगट झालेली. किती मेंढ्या तिच्यावरून घसरल्या असतील याचा हिशेब फळीने ठेवला आहे.

शेडचे प्रकारही मातीप्रमाणे बदलतात. क्वीन्सलँडमधली जोंडार्यन शेड १८५९-६० मध्ये उभी राहिली. एका वेळी ५२ जण कातरू शकतील एवढी ती लांब. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड कोपऱ्यात कॉर्डिलो डाउन्सला लाकूडच नव्हतं, म्हणून १८८३ मध्ये जाड दगडी भिंती रचल्या आणि वर कमानीसारखा वाकवलेला पत्रा टाकला. १८८८ मध्ये तिथे ८५,००० मेंढ्या कातरल्या गेल्या. त्या भागातून लोकर आणि सामान वाहण्याचं काम उंटांचे तांडे करत आणि ते हाकणारे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान इथून आलेले असत. तिथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. न्यू साउथ वेल्समधली एरोवनबँग शेड (१८८६) डोंगरउतारावर मजल्यामजल्यांनी बांधली आहे. आणि मेनिंडीजवळची किंचेगा, १८७५ ची, नदीकाठच्या रेड गम लाकडाची आणि नालीदार पत्र्याची. १९६७ मध्ये तिथलं रान राष्ट्रीय उद्यान झालं, तोवर तिच्यातून साठ लाखांच्या आसपास मेंढ्या कातरून बाहेर पडल्या होत्या.

एवढा पसारा उभा राहायला शंभर वर्षंही लागली नाहीत. १७९७ मध्ये आफ्रिकेच्या केपहून मेरिनो मेंढ्या सिडनीला आल्या. जॉन मॅकार्थर यांचं नाव पाठ्यपुस्तकांत असतं, १९६६ च्या दोन डॉलरच्या नोटेवरही तेच होते. पण नवरा वर्षानुवर्षं इंग्लंडला अडकलेला असताना कळप वाढवला तो एलिझाबेथ मॅकार्थर यांनी. १८९१ च्या सुमारास मेंढ्या दहा कोटींवर गेल्या. मग आधी संप आणि पाठोपाठ दुष्काळ. १८९१ चा कातरणाऱ्यांचा संप क्वीन्सलँडच्या बारकॅल्डिन गावाभोवती पेटला आणि त्यातून मजूर पक्षाच्या राजकारणाला बळ मिळालं. १८९४ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा डॅगवर्थ स्टेशनची शेड जाळली गेली. ‘वॉल्टझिंग मटिल्डा’ हे गाणं पुढच्याच वर्षी बँजो पॅटर्सन यांनी त्याच स्टेशनवर मुक्कामाला असताना लिहिलं. या दोन संपांच्या मधल्या काळात, १८९२ मध्ये, जॅकी हाऊ या गड्याने ब्लॅकॉलजवळ हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. तो आकडा मोडायला यंत्र असूनही १९५० उजाडावं लागलं. आणि १८९५ ते १९०३ च्या दुष्काळाने मेंढ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली.

या साऱ्या धामधुमीत कॅमेरा कुठे होता? होता, पण तिवईवर, आणि सगळ्यांना ‘हलू नका’ सांगत. सिडनीचे चार्ल्स केरी हे स्वतः मोनारो पठारावरच्या स्टेशनवर जन्मलेले. त्यांच्या स्टुडिओने ग्रामीण भागातलं काम काचपट्ट्यांवर भरपूर टिपलं. सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयातल्या टिरेल संग्रहात त्यातलं पुष्कळ आहे. त्या काळातलं शेडचं एखादं छायाचित्र भिंग घेऊन पाहावं. माणसं पाठ वाकवून, कात्री मेंढीच्या बरगडीला टेकवून थिजलेली. काहींची नजर कॅमेऱ्याकडे चुकलेली. पांढरी टोपी घातलेला कुणी कोपऱ्यात हात बांधून उभा, बहुधा देखरेख करणारा. दारं उघडी, कारण उजेड हवा, आणि म्हणून दारांच्या जागी नुसता पांढरा डाग. सगळं स्वच्छ उतरलंय, फक्त मेंढ्यांची डोकी धूसर. त्यांना फोटो काढायचाय हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या सबंध चित्रात काम करताना सापडलेली तेवढीच जनावरं. माणसांनी काम थांबवलेलं आहे.

त्यानंतरची पिढी उजेडाच्या प्रेमात पडली. हॅरल्ड कॅझनो यांच्यासारखे छायाचित्रकार मऊ, चित्रासारख्या प्रतिमा घडवत. १९३७ मध्ये फ्लिंडर्स पर्वतरांगेत काढलेलं त्यांचं एकाकी, मुळं उघडी पडलेलं गमचं झाड आजही दिनदर्शिकांवर असतं. ते झाड सहनशक्तीचं प्रतीक म्हणून पाहिलं जातं. त्याच्या मुळांखालची माती कुठे गेली हे फार जण विचारत नाहीत. फ्रँक हर्ली यांनी दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ आणि पहिलं महायुद्ध टिपून झाल्यावर देशभर हिंडून मोठाले चित्रग्रंथ काढले. गरज पडली की दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग आणून जोडायला त्यांची ना नसे. या शाळेने मेंढ्यांचा मुलूख सोनेरी धुळीचा करून ठेवला. जाहिरातींना तेच हवं होतं. १९५०-५१ मध्ये कोरियाच्या युद्धामुळे लोकरीचा भाव पाउंडाला पाउंड झाला, तेव्हा देश मेंढीच्या पाठीवर बसून चाललाय असं म्हणत, आणि छायाचित्रांतून मेंढीची पाठच तेवढी दिसत होती.

त्याला उतारा म्हणून दोन गोष्टी झाल्या. एक, दुष्काळ. १९४४ मध्ये चित्रकार रसेल ड्रायस्डेल एका वर्तमानपत्रासाठी दुष्काळी भागात हिंडले, १९५२ मध्ये सिडनी नोलन. नोलन यांनी क्वीन्सलँडात वाळून उभ्याच्या उभ्या कोळपलेल्या जनावरांची छायाचित्रं काढली. ती पाहिल्यावर सोनेरी धूळ पुन्हा तशी दिसत नाही. दोन, छोटा कॅमेरा आणि वेगवान फिल्म. जेफ कार्टर (१९२८–२०१०) यांच्यासारख्यांनी गाडीतच संसार मांडून गुराखी, मजूर, भटके कामगार यांच्यात वर्षं काढली आणि मासिकांसाठी लिहिलं-टिपलं. इथे पहिल्यांदा घाम दिसतो, पाठदुखी दिसते, स्मोकोतला कंटाळा दिसतो. १९७५ चा ‘संडे टू फार अवे’ हा चित्रपट याच घराण्यातला. पन्नाशीच्या दशकातल्या संपाची गोष्ट त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या खऱ्या शेडमध्ये चित्रित केली आणि कातरणाऱ्यांच्या कामाचा आवाज, चढाओढ, दारू हे सगळं पडद्यावर आणलं. माझ्या लेखी या परंपरेतली सगळ्यांत जिवंत वर्षं हीच.

आणि मग लगेच इमारतींकडे लक्ष वळलं. १९७० मध्ये मेंढ्यांची संख्या १८ कोटींवर गेली आणि तिथून उतार लागला. हॅरी सोडन यांचं ‘ऑस्ट्रेलियन वूलशेड्स’ १९७२ चं आहे. वास्तुविशारद पीटर फ्रीमन यांनी १९८० मध्ये रिव्हरिना भागातल्या शेडचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यात आराखडे आहेत, जोडकाम आहे, लाकूड कुठून आलं याची चौकशी आहे. सोडन-फ्रीमन यांच्या मागोमाग वूलशेड हा वारशाचा विषय झाला. अँड्र्यू चॅपमन यांच्या कातरणाऱ्यांवरच्या आणि शेडवरच्या पुस्तकांनी वृत्तछायाचित्रकाराची नजर आणि इमारतीचं आकर्षण एकत्र आणलं. न्यूझीलंडची कथा वेगळी लिहायला हवी. तिथे १९६१ पासून मास्टरटन गावात ‘गोल्डन शिअर्स’ ही कातरण्याची स्पर्धा भरते आणि रॉबिन मॉरिसन यांचं दक्षिण बेटावरचं १९८१ चं पुस्तक रंगीत ग्रामीण छायाचित्रणाचा मानदंड मानलं जातं. हातातल्या या पुस्तकाने तिकडे पाहिलेलं नाही.

इंटरनेटच्या काळात याला एक नवी शाखा फुटली, तिच्याबद्दल मी फार गोड बोलणार नाही. पडकी शेड, तांबारलेला पत्रा, वर आकाशगंगा; किंवा एकाच जागेच्या तीनचार वेगवेगळ्या उजेडातल्या प्रतिमा एकत्र करून प्रत्येक फटीत तपशील ओतलेला. सावली म्हणून काही उरतच नाही. शेडमध्ये अंधार असतो, तो तिचा भाग आहे. काय झिजलंय, कशाने झिजलंय हे अंधार आणि उजेडाच्या कडेवरच दिसतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो, कारण हे पुस्तक हौशी छायाचित्रकारही चाळतील. बाहेर ऑस्ट्रेलियाचं लख्ख ऊन आणि आत काळोख, हा फरक कुठल्याही सेन्सरला झेपत नाही. ढगाळ दिवस बरा. नाहीतर उजळ भाग सांभाळून अंधार अंधारच राहू द्यावा. एक गोष्ट मात्र उन्हातच पाहायला मिळते. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं असतात आणि त्यातून येणाऱ्या उजेडाचे फळ्यांवर गोल ठिपके पडतात. भोक वेडंवाकडं असलं तरी ठिपका गोलच, कारण तो सूर्याची प्रतिमा असतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी शेडच्या जमिनीवर शेकडो कोरी उमटतात. म्हणजे शेड स्वतःच सूचिछिद्र कॅमेरा आहे, आणि डागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाला अर्धशतकही झालं नव्हतं तेव्हापासून ती प्रतिमा काढत बसली आहे.

आता जे छायाचित्रांत दिसत नाही त्याकडे येतो. मंगो राष्ट्रीय उद्यानात एक वूलशेड आहे. १८६९ ची, सायप्रस पाइनचे ओंडके खाचेत सोडून बांधलेली, आणि हे काम चिनी मजुरांनी केल्याचं सांगतात. आवार, खांब, उजेड, सगळं छायाचित्रकाराच्या मनासारखं. तिच्यापासून थोड्याच अंतरावर कोरड्या पडलेल्या मंगो तलावाचा वाळू-मातीचा बांध आहे, ‘वॉल्स ऑफ चायना’. तिथे १९६८ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बोलर यांना एका स्त्रीचे दहन केलेले अवशेष सापडले आणि १९७४ मध्ये एका पुरुषाचा सांगाडा. वय सुमारे ४०,००० वर्षं. हे अवशेष उघडे पडायला कारण झाली ती धूप, आणि ती वाढवली मेंढ्यांनी आणि सशांनी, रानातलं गवत मुळापर्यंत खाऊन. म्हणजे ज्या उद्योगाने इथल्या मूळ लोकांना त्यांच्या पाण्यावरून हुसकलं, त्याच्याच खुरांनी ते किती जुने रहिवासी आहेत याचा पुरावा वर आणला. पाकांट्यी, मुथी मुथी आणि न्यिआम्पा या लोकांचा हा मुलूख. त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे याच स्टेशनांवर मेंढपाळी केली, मेंढ्या कातरल्या, घरकामं केली. जुन्या छायाचित्रांत ते कडेला दिसतात, नावाशिवाय. मर्व्हिन बिशप हे वर्तमानपत्रात काम करणारे पहिले आदिवासी छायाचित्रकार मानले जातात, तेही याच पट्ट्यातल्या ब्रेवारिनाचे. त्यांच्या कौटुंबिक छायाचित्रांत हा मुलूख आतून दिसतो. बायकांचंही असंच. एखादी बाई शेडकडे येताना दिसली की ‘तळ्यावर बदकं’ अशी आरोळी ठोकून पुरुष एकमेकांना सावध करत. आज कातरणाऱ्या मुली सर्रास दिसतात, पण जुन्या संग्रहांत त्यांना शोधत बसावं लागतं.

हे आत्ता छापायचं कारण काय? १९९१ मध्ये लोकरीच्या हमीभावाची योजना कोसळली. किलोला ८७० सेंट हा भाव बाजाराला पेलेना, ४७ लाख गासड्या गोदामांत पडून राहिल्या आणि मेंढ्यांना गोळ्या घालून खड्ड्यांत पुरावं लागलं. आता देशात सात कोटींच्या आसपास मेंढ्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ मांसासाठी. १९९६ मध्ये आलेल्या डॉर्पर जातीच्या मेंढीचे केस आपोआप गळतात. तिला शेड लागतच नाही. ज्यांना लागते ते पत्र्याची नवी, छोटी, सोयीची शेड बांधतात, कातरणाऱ्याची पाठ वाचेल अशी. ते योग्यच आहे. जुन्या शेडला मग गवताचे भारे, मोडके ट्रॅक्टर किंवा वाळवी. वारसा म्हणून जपल्या जातात त्या मोजक्या. बाकीच्या एखाद्या वादळात किंवा वणव्यात जातात.

मराठी वाचकाला यात काय? ठाण्याच्या रेमंडने मेरिनो लोकरीचं कापड विणलं आणि ते आपल्याकडच्या कैक नवरदेवांच्या अंगावर चढलं, हा एक धागा. पण मला दुसराच जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या धनगरांच्या मेंढरांची कातरण रानात होते, झाडाखाली, शेतात, वर्षातून दोनदा. कात्री, दोरी, पाय बांधलेलं मेंढरू आणि अंथरलेलं फडकं. दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि जाडीभरडी. सणगर तिचं घोंगडं विणत. आता तिला भावच नाही, कातरणावळही सुटत नाही, कित्येकदा ती तिथेच टाकून देतात. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरतात, शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवतात, आणि सकाळी तळ हलला की मागे फक्त लेंड्या. ऑस्ट्रेलियात कॅमेरा शंभर वर्षं उशिरा आला तरी त्याला खांब सापडले, झिजलेली फळी सापडली. आपल्याकडे उशिरा येणाऱ्यासाठी काहीच मागे राहणार नाही. गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या परदेशी अभ्यासकाने धनगरांच्या देवांची, ओव्यांची दखल घेतली, काही मराठी छायाचित्रकार वाड्याबरोबर चाललेही. पण कातरणीचं, त्या हातांचं चित्रण मला फार थोडं दिसलं आहे.

हे पुस्तक ज्यांनी केलं ते छायाचित्रकार मराठी, राहायला मेलबर्नला. त्यांनी छायाचित्रांची मांडणी राज्यांप्रमाणे किंवा सालांप्रमाणे केलेली नाही. मेंढी शेडमधून ज्या वाटेने जाते त्या वाटेने पानं उलटतात : आवार, कोंडवाडा, बोर्ड, घसरगुंडी, तिथून लोकरीची वाट वेगळी होते आणि टेबल, खण, दाबयंत्र, रस्ता असं करत संपते. त्यामुळे एका पानावर कॉर्डिलोचा दगड तर समोरच्या पानावर किंचेगाचा पत्रा येतो. हे सुरुवातीला गोंधळाचं वाटेल, पण एकच काम वेगवेगळ्या मातीत कसं बांधलं गेलं ते याशिवाय दिसलं नसतं. प्रत्येक छायाचित्राखाली शेडचं साल, स्टँडची संख्या, मुख्य साहित्य आणि ती आज चालू आहे की बंद, एवढीच माहिती आहे. सुभाषितं नाहीत.

माझी तक्रार दोन गोष्टींपुरती. जवळजवळ सगळं काम कृष्णधवल आहे. खुणा वाचायला ते सोयीचं, हे मान्य; पण त्या मातीचा तांबडा रंग आणि लॅनोलिन मुरलेल्या लाकडाचा मधासारखा पिवळा याशिवाय हा मुलूख अर्धाच कळतो. दुसरं, चालू शेडमध्ये कंत्राटी टोळीबरोबर काढलेली छायाचित्रं शेवटच्या काही पानांपुरतीच आहेत. त्यांचं म्हणणं, काम चालू असताना मधे उभं राहणं म्हणजे कुणाच्या तरी नगामागच्या मजुरीत अडथळा आणणं. ते चुकीचं नाही. तरीही त्या पानांवरचा एक फोटो, घंटा झाल्यावर कमरेला आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यातून सुटून सरळ उभी राहू पाहणाऱ्या मुलीचा, मला बाकी पुस्तकाच्या बरोबरीचा वाटतो.

बहुतेक शेड खाजगी जमिनीवर आहेत, म्हणून त्यांचे नेमके पत्ते मुद्दाम छापलेले नाहीत. प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर किंचेगा आणि मंगो राष्ट्रीय उद्यानांत आहेत. जायचं तर एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जावं. जानेवारीत मेनिंडीला पारा सहज चाळिशी ओलांडतो. वाटेत लागणारं प्रत्येक फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. शेडच्या खाली सावलीला साप असतात. आणि मंगोचे कच्चे रस्ते पाऊस पडला की बंद करतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करून निघा.